गळ्याचा दोरा

"अंगठा इथे ठेव आणि घट्ट दाबून धर," आजोबांनी दोऱ्याचं टोक टेबलाच्या कडेला, आजीच्या चाकाच्या खुर्चीसमोर टेकवलं. "बाकीचं माझ्यावर सोड."

बाकीचं त्यांच्यावर सोडायचं, याचीच तर तिला धास्ती होती. पण सांगणार कशी? झटक्याने उजवी बाजू नेली आणि जाता जाता बोलणंही नेलं. उरला तो डावा हात. तिने अंगठा दाबला.

उद्या शाळेच्या नाटकात त्यांची नात, भिंगरी, राजा होणार होती. राजाला झगा हवा. बिनबाह्यांचा, खांद्यांवरून टाचांपर्यंत सुटलेला. नाटक कंपनीच्या कपडेपटात आजीने असे किती राजे सजवले, त्याला गणती नाही. त्यातलाच हा डाळिंबी मखमलीचा शेवटचा तुकडा तिने नातीसाठी जपून ठेवला होता. "मला आजीच्याच मखमलीचा झगा पाहिजे," असा भिंगरीने हट्ट धरला आणि आजोबा बाह्या सरसावून उठले. जन्मभर घरोघर टपाल वाटलेला माणूस. कोणाचं दार कुठे, ते झोपेतही सांगेल. बायकोच्या टेबलावर काय चालतं, हे मात्र त्याने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

नात शाळेत जाण्याआधी त्यांनी तिची मापं दोन दोऱ्यांवर घेऊन ठेवली होती. लांब दोरा मानेपासून टाचेपर्यंतचा, आखूड दोरा गळ्याभोवतीचा. आता लांब दोऱ्याला पेन्सिल बांधून ते टेबलाभोवती फिरले आणि चिकटवलेल्या वर्तमानपत्रांवर झकास अर्धवर्तुळ उतरलं. आजीला मनापासून कौतुक वाटलं. गडी शिकतोय की!

मग त्यांनी आखूड दोऱ्याला पेन्सिल बांधली. होता तसाच, अख्खा दोरा.

गळ्याचा दोरा तिहेरी दुमडून मग फिरवायचा असतो. नाहीतर गळा तिप्पट होतो. कपडेपटात नवी पोर आली की पहिल्या दिवशी हेच शिकायची. आजीने अंगठा उचलला आणि दोरा सुटला.

"दमलीस ना?" आजोबा मायेने म्हणाले. तिच्या अंगठ्याच्या जागी त्यांनी इस्त्री ठेवली. इस्त्री काही दमली नाही.

आजीने तीन बोटं वर केली.

"तीनची गोळी ना? आहे माझ्या लक्षात. अजून अवकाश आहे."

तिने टेबलावर थाप मारली. पुन्हा मारली.

"बघ, बघ, किती उतावीळ झालीस! होतंय गं, जरा धीर धर."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. आता एकच आशा होती. मखमलीला कात्री लावण्याआधी आजोबा कापलेला कागद कोणाच्या तरी अंगावर घालून बघतील. आणि त्यांनी बघितलाही. नात तालमीला गेलेली, म्हणून स्वतःच्याच अंगावर घातला. त्यांच्या रुंद खांद्यांवर तो फर्मास बसला. आरशासमोर एक गिरकी घेऊन त्यांनी विचारलं, "काय, शोभतोय की नाही राजा?"

मेला शोभतही होता.

कागद मखमलीवर टाचला गेला. आजीने गळ्याचा दोरा कसाबसा ओढून घेतला आणि एका हाताने, दातांत धरून, दुमडायला लागली. एक घडी जमली. दुसरी सुटली. ती पुन्हा घालून, तीन पदरी दोरा तिने पुढे धरला, तेव्हा गळ्याचा तुकडा कापून जमिनीवर पडला होता.

"दे इकडे, पसारा नको," म्हणत आजोबांनी दोरा घेतला आणि डब्यात ठेवून दिला.

भिंगरी आली ती धावतच. दप्तर टाकून आरशासमोर उभी राहिली. आजोबांनी झगा तिच्या खांद्यांवर घातला. तो दंडांवर आला, दंडांवरून कोपरांवर. एका बाजूने वर ओढला की दुसऱ्या बाजूने उतरायचा. शेवटी सगळाच घसरून पायांशी पडला. भिंगरी आधी हसली. मग तिने आजोबांचं तोंड पाहिलं.

"उद्या मी काय घालू?"

आजोबा खाली बसले. कापडाकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "अगं, आता काय करू मी? तू सांग ना."

सबंध संसारात तिच्या कामातलं त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि उत्तर किती सोपं! गळ्याची कड दुमडून नाडी ओवायची, चुण्या पाडत ओढायची. चहा उकळेपर्यंत होणारं काम. राजाला तर चुणीदार झगा उलट जास्त खुलतो.

आजीने सगळा जीव डाव्या हातात आणला. अंगावरच्या शालीची कड मुठीत गोळा केली, चुणीवर चुणी, आणि गळ्याशी आवळून धरली. सोडली, पुन्हा गोळा केली, पुन्हा आवळली. बघा ना हो. एकदा नीट बघा.

आजोबांनी बघितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"थंडी वाजतेय होय तुला? आणि मी आपला इथे बसलोय झग्याचं घेऊन."

त्यांनी भिंगरीच्या पायांशी पडलेली मखमल उचलली आणि शालीवरून आजीच्या खांद्यांवर घातली. समोरून ओढून नीट सारखी केली.

तिच्या अंगावर ती अगदी मापात बसली. आत, मखमलीखाली, तिची मूठ अजून चुण्या धरून होती.