पुरावा मागणारं यंत्र

“सासूपेक्षा तुझं ते कानातलं यंत्रच जास्त टोकतं,” कारली परतताना सासूबाई पुटपुटल्या.

शर्वरी हसली. तिचा नवरा सारंग अपघातात गेल्यापासून ते तिच्या कानात होतं. मनात खचवणारा विचार आला, की लगेच पुरावा मागायचं. ‘माझ्यामुळेच गेला’ याला पुरावा सापडेना, तेव्हा कुठे तिला झोप लागू लागली. घरात मात्र दोघी सारंगचं नाव काढत नसत.

आज कारल्याचा वास आला आणि तिला वाटलं, तो आता कधीच जेवायला येणार नाही.

“पुरावा?” यंत्राने विचारलं.

तिने मांडलेल्या दोनच ताटांकडे पाहिलं. “मान्य,” यंत्र म्हणालं.

“आई, कारलं तर आपण दोघीही खात नाही.”

सासूबाईंनी गॅस बंद केला. “सारंग खायचा,” त्या म्हणाल्या. “मला तो हवाय गं.”