डावा पीळ

सावा गेली ती पानगळीत. तिची सुताची परडी मात्र थोरल्या बहिणीने, योनेने, खिडकीतून हलवली नव्हती. जपानातल्या यामागाताच्या त्या डोंगरात बर्फ पडला की बायका झाडाच्या सालीचं सूत वळत बसतात, आणि एखादी मागे अर्धं सूत ठेवून गेली तर ते घरच्यांनी पुरं करायचं, अशी रीत. पण बहिणीच्या सुताला हात लावायचा योनेला धीर होत नव्हता.

तरी परडी भरत चालली होती.

दुपारी शेजारची तात्सु चहाला आली, तेव्हा योनेने विचारलंच. "तूच येऊन वळतेस ना गं? सांग की. रागावणार नाही मी."

"मी? माझंच सरेना, तुझं कुठे करत बसू!" तात्सुने हसत धागा उचलला, बोटांत फिरवला, आणि तिचं हसू मावळलं. "योने, हा पीळ डावा आहे."

अख्ख्या गावात डावखुरी एकटी सावाच होती.

तात्सु चहा तसाच टाकून गेली. योने परडीपाशी बसली. धागा भिजवायला शेजारी पाण्याची वाटी असायची, पण सावा कायम टोक ओठांत धरायची. "थुंकी लावलेलं कापड कोण घेणार गं?" म्हणत योने जन्मभर तिच्यावर खेकसली होती.

आज वाटीतलं पाणी गोठून दगड झालं होतं. योनेने डोळे पुसले, परडीतलं टोक उचललं आणि ओठांशी नेलं.

ते आधीच ओलं होतं. आणि कोमट.