दऱ्यांचा दर्या

अरे, ऐका तर! पाचला कॉलेजचा अंक छपाईला जायचा होता आणि आमच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू होतं. मध्येच स्क्रीनवर आलं, मराठी फॉन्ट जुन्या आवृत्तीवर नेऊ का? सकाळीच मी हौसेने नवाकोरा फॉन्ट टाकलेला! मी 'नको' दाबणार, तेवढ्यात संपादक शाल्मलीताईने माझा हात धरला.

"थांब रे शहाण्या! अपडेट उलटं का चाललंय ते तरी बघू."

आणि शोधलंच तिने! आधीच्या संपादक मंडळातल्या कुणीतरी हा फॉन्ट जुन्याच आवृत्तीला बांधून ठेवला होता, नवा टाकला तरी अपडेट त्याला जुन्यावरच आणणार!

"मग सोडव ना ती गाठ," मी म्हटलं, "नवा किती देखणा दिसतोय!"

"उगाच कोण बांधेल?" म्हणत तिने ट्रेकवाल्यांचा लेख उघडला आणि पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं. "सह्याद्रीत आम्ही दर्यांत उतरलो."

आम्ही हसून हसून लोळलो. दऱ्यांचा थेट समुद्र! नवा फॉन्ट प्रत्येक 'ऱ्या'चा 'र्या' करत होता. अख्ख्या अंकाचं हसं झालं असतं!

ताईने 'हो' दाबलं. दऱ्या परत आल्या.

"गाठ मारणारा कोण होता माहीत नाही," ती म्हणाली, "पण मराठी पक्कं होतं त्याचं!"