निखळलेला खांदा

धाड गावच्या कुस्त्या तोंडावर आल्या आणि तालमीत शालिग्रामचा डावा खांदा निखळला. हाडं बसवणारे पुंजाजी ही बातमी कानावर येताच चिखलीहून स्वतःहून धावून आले. त्यांनी सांधा जागेवर बसवला, आणि मग रोज सकाळी मिठाच्या पुरचुंडीनं शेकून, तेल जिरवून त्याचा हात हळूहळू मोकळा केला.

"अजून कुठी दुखते?" ते खांदा चाचपत विचारत.

"हात मांगं गेला की कळ येते, काका." शालिग्राम काही न लपवता सांगे.

"हे दुसऱ्या कोणाले बोलू नको बे. समोरच्याले समजलं तर तो तिथंच धरीन."

सख्ख्या बापानंही एवढं केलं नसतं, असं शालिग्रामच्या मनात येई.

कुस्तीच्या दिवशी त्यानं अंगाला माती लावली, दंड थोपटले. खांद्यानं साथ दिली. त्याची जोड मलकापूरच्या एका नव्या पहिलवानाशी लागली होती. त्याला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. आखाड्यात उतरण्याआधी पुंजाजींचा आशीर्वाद घ्यावा म्हणून शालिग्रामनं गर्दीत नजर फिरवली.



ते आखाड्याच्या पलीकडच्या अंगाला उभे होते, आणि मलकापूरचा पहिलवान "येतो, मामा" म्हणत त्यांच्या पाया पडत होता.