एक मीटर ऐंशी

सगळ्या यंत्रांचे बाण एकाच दिशेला वळले. दफनभूमीकडे.

बचाव पथकाचा सराव चर्चमागच्या कुरणात चालला होता. खरं तर डोंगरावर जायचं ठरलं होतं, पण आज हिमलोटाचा धोका पाचांपैकी चौथ्या दर्जाचा. वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ खालच्या साखरेसारख्या दाण्यांवर नुसता टेकून बसला होता. म्हणून पथकप्रमुख विन्झेंझने यंत्रं चालू करून, पोत्यांत घालून कुरणातच पुरली होती. प्रत्येकजण छातीवर बांधतो तीच ही यंत्रं. गाडला गेलेल्याचं यंत्र बर्फाखालून हाक देत राहतं, आणि वरच्यांच्या यंत्रातला बाण सगळ्यात जवळच्या हाकेकडे वळतो.

"पोती इकडे आहेत, गाढवांनो!" विन्झेंझ ओरडला.

कोणी ऐकेना. भिंत ओलांडून सगळे एका ताज्या कबरीपाशी थांबले. क्रुसावर नाव होतं रोमेड शेट. विन्झेंझच्या आधीचा पथकप्रमुख.

"एक मीटर ऐंशी," सुतार कासियानने खोली वाचली आणि टोपी काढली.

सगळ्यांनी रोमेडच्या मुलीकडे पाहिलं. बुर्गीही पथकातच होती.

"त्याला डोंगरावरचं जाकीट घातलं होतंस ना?" विन्झेंझने विचारलं.

"हो."

"आणि आत यंत्र?"

"घरी परतेपर्यंत यंत्र बंद करायचं नाही, असं बाबाच म्हणायचे."

"बॅटरी तरी जुनी होती ना?"

"जुनी घालून ते कधी बाहेर पडलेत?"

गलका ऐकून फादर एगिड आले. "बिशपना विचारल्याशिवाय कबर उघडता येणार नाही," ते म्हणाले. "आणि हे मी बिशपना कुठल्या तोंडाने विचारू?"

विन्झेंझने रस्त्यापलीकडच्या उताराकडे बोट दाखवलं. "तो सुटला तर लोट थेट रस्त्यावर येतो. रस्ता हा इथे. माणसं गाडली जातील, आणि आपण खणत बसू रोमेडला! तेवढ्यात जिवंत असलेला गुदमरेल. उघडावी लागेल, बुर्गी. तोही हेच म्हणाला असता."

म्हणाला असता, हे बुर्गीला माहीत होतं.

"उघडू नका," ती म्हणाली.

कासियान खाकरला. "खुणेचं बटण आहे की."

सापडलेल्या माणसापाशी उभं राहून ते बटण दाबायचं. मग यंत्र त्याला सोडून पुढच्याला शोधू लागतं.

"बंद केलं की विसरतं ते," विन्झेंझ म्हणाला. "रोज येऊन दाबावं लागेल."

"येऊ की. बॅटरी संपेपर्यंत."

"आणि डोंगरावर जाणारे पाहुणे?"

"त्यांनाही इथूनच पाठवायचं."

विन्झेंझ क्रुसाकडे बघत राहिला. "जिवंत होता तेव्हा रोज सकाळी आमची यंत्रं तपासायचा. आता मेल्यावर हजेरी घेतोय, म्हातारा."

"रविवारी चर्चमध्ये दिसत नाहीत ते तरी दिसतील," फादर म्हणाले.

सगळे रांगेत उभे राहिले. एकेकाने पुढे होऊन, खाली वाकून बटण दाबलं. कासियानने वर "येतो रे" असंही म्हटलं. बाण एकामागून एक कुरणातल्या पोत्यांकडे वळले.

बुर्गी शेवटची. तिच्या यंत्रावर अजून एक मीटर ऐंशीच होतं. अंगठा बटणावर होता.

"दाब, पोरी," विन्झेंझ हळूच म्हणाला.

"तो उतार आत्ता लगेच सुटेल?"

विन्झेंझने वर पाहिलं. उतारावर अजून सावली होती. त्याने गरजेपेक्षा जास्तच वेळ पाहिलं.

"आत्ता लगेच नाही."

"मग थांब ना जरा."

शेजारच्या कबरीवरचा बर्फ हाताने झटकून विन्झेंझ तिथेच बसला.