दुसरी घागर

टँकरपाशी आज केरबानं एकाच्या जागी दोन घागरी मांडल्या, तशा रांगेतल्या बायकांच्या भुवया वर गेल्या. दुष्काळाचं साल, माणशी एक घागर, असा दंडक. आणि केरबा तर सडाफटिंग.

सव्वीस वर्षं मुंबईत एका पारशीणबाईच्या चुलीपुढं काढून तो दोन महिन्यांपूर्वी माण तालुक्यातल्या आपल्या गावी परतला होता. बाई वारली, पुतण्यांनी घराला कुलूप ठोकलं आणि तिचं लांब केसांचं इराणी मांजर, शिरीन, याच्या हातात दिलं. गावात त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दिवसभरात तो काय बोलायचा ते शिरीनशीच.

महिनाभर ती पाण्यावरून तोंड काढत नव्हती, आणि तरी खंगत चालली होती. काल दहिवडीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं. "मूत्रपिंडात गाठी आहेत. या जातीत हे दुखणं रक्तातूनच येतं. औषध नाही. मागेल तेवढं पाणी द्या, काही महिने काढील."

शेजारच्या रंगूबाईनं ते ऐकून कपाळावर हात मारला होता. "आमी दावनीची बैलं छावनीला धाडली, आन् तुमी मांजराला पानी पाजताय!" ते केरबाला लागलं, कारण खरं होतं. पण एका घागरीत दोघांचं भागत नव्हतं, हेही खरंच होतं.

"यादीत तुम्ही एकटेच आहात," तालुक्याचा कारकून म्हणाला. "ही दुसरी कुणाची?"

"घरी... आजारी मानूस हाय."

"नाव?"

"शिरीनबाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगूबाई पाठीलाच उभी होती. घरात तिची सात माणसं. तिनं तोंड उघडलं की कारभार आटोपला.

कारकुनानं पेन्सिल थांबवली. "नातं काय लिहू?"

केरबा मनात नाती शोधू लागला. मालकीण म्हणावं, लेक म्हणावं, की बहीण?

"घरचं मानूस म्हून लिवा, आन् भरा बिगीनं," मागून रंगूबाई खेकसली. "त्यांस्नी दुसरं हाय कोन?"