काजव्यांची साक्ष

"तुझे काजवे काय म्हणतात?" वडिलांनी विचारलं.

मुलीने स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि जांभळ्या प्रकाशाची बॅटरी हृदयाच्या गोळ्यांच्या बाटलीवर धरली. लेबलाच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उजळला, त्याला खेटून एक लाल.

"अस्सल," ती म्हणाली.

"मग पायांची सूज का उतरत नाही? मागच्या बाटलीने तर उतरली होती."

"आधी मीठ कमी करा. गोळीला कशाला दोष देता?"

ठिपक्यांची ती शाई तिनेच बनवली होती. शाईत अर्धवाहकाचे स्फटिक होते, सूक्ष्मदर्शकालाही सहजी न दिसणारे. पदार्थ एकच, रंग आकारावर ठरायचा. लहान स्फटिक हिरवा चमके, थोडा मोठा लाल. ते आकार अचूक साधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. आता औषध कंपनी प्रत्येक बाटलीवर ती शाई छापत होती, आणि नकली माल करणाऱ्या कोणालाही तिची नक्कल साधली नव्हती. वडील गल्लीभर सांगत, आमची शाईवाली.

"सील तरी बघ गं नीट," आई म्हणाली.

"सील कोणीही मारतं, आई. ही शाई कोणाच्या बापाला जमायची नाही."

"बापाला नाहीच जमली. लेकीला जमली," वडील हसले आणि त्यांनी गोळी गिळली.

आईने आधीची रिकामी बाटली पुसली, लेबलाला पाणी लागू न देता, आणि फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनीही विचारलं, "गोळ्या खात्रीच्या आहेत ना?" वडिलांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

त्याच महिन्यात वडील गेले.

भेटायला आलेले काका म्हणाले, "गोळ्या नकली असतील. हल्ली कशाचा भरवसा?" त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून तिने उरलेल्या गोळ्या तपासायला दिल्या. अहवाल आला. खडूची भुकटी आणि स्टार्च. औषधाचा अंशही नाही.

मग तिने लेबल तपासलं. प्रयोगशाळेतल्या सगळ्यात चांगल्या यंत्रावर, दोनदा. शाई तिचीच होती.

ती घरी आली तेव्हा आई फळीवरच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होती. एकेक बाटली कागदात गुंडाळून.

"एवढ्या जपून कशाला ठेवतेस?"

"भंगारवाला यायचाय. लेबल धड असलेल्याच घेतो मेला," आई म्हणाली. "पूर्वी फुकटसुद्धा नेत नसे. तुझी शाई आल्यापासून दारात येऊन मागतो."